दादाच्या आवाजातले काउबॉय

धाकट्याला सगळे चक्री म्हणत. पायाला भिंगरी असलेली माणसं जगात पुष्कळ असतात, पण ती निदान जेवताना तरी बूड टेकतात. हा गडी ताट हातात घेऊन घरभर फिरायचा आणि सांडलेलं पुसत वहिनी त्याच्या मागून फिरायची. धंदाही त्याने स्वभावाला साजेसा धरला होता, फ्रिज दुरुस्तीचा. आज या गल्लीत, उद्या पलीकडच्या. एका स्वयंपाकघरातून निघायचं आणि दुसऱ्यात शिरायचं. काम झाल्यावर लोक म्हणत, बसा, चहा घ्या. हा उभ्याउभ्या कप रिकामा करी आणि जिना उतरायला लागे. लग्न जमलं नाही त्याचंही कारण हेच. मुलीकडची मंडळी समोर बसलेली असताना याला त्यांच्या फ्रिजची घरघर ऐकू येई आणि हा उठून थेट आत.

थोरला भाऊ, म्हणजे दादा, अगदी उलटा. त्याचं फोटोंना फ्रेमा करून देण्याचं दुकान होतं. सकाळी स्टुलावर बसला की जेवायलाच उठे. हात काच कापत असत आणि तोंडाचा पट्टा सुरू असे. गिऱ्हाइकाने आपल्या आजोबांचा फोटो पुढे केला की दादा त्याच्याकडे बघून आजोबांच्या खोड्या सांगायला लागे. गिऱ्हाईक विचारी, "तुम्ही ओळखत होता का त्यांना?" ओळखतो कुठला. पण फ्रेम होईपर्यंत त्या आजोबांना एक चांगलं भांडखोर, खादाड, घोरणारं आयुष्य मिळालेलं असे, आणि नातू खुशीत घरी जाई.

दोघे एकाच घरात राहत. आतल्या खोलीत दादा-वहिनी, बाहेरच्या खोलीत चक्री, आणि टीव्हीही बाहेरच्याच खोलीत. चक्रीला सलग बसलेला बघायचा असेल तर एकच वेळ होती. रविवारी दुपारी तुर्की काउबॉयचा सिनेमा लागला की.

आता हे तुर्की काउबॉय काय प्रकरण आहे ते सांगायला हवं. हे दोघे तरुण असताना कोपऱ्यावरची व्हिडिओ लायब्ररी बंद पडली. चांगल्या कॅसेटी मालकाने विकल्या. एक खोकं उरलं, त्याला कुत्रं विचारेना. दादाने मालकाच्या वडिलांचा फोटो फ्रेम करून दिला होता, त्या बदल्यात मालकाने ते खोकं दुकानात आणून टाकलं आणि सुटलो म्हणाला. प्रत्येक कॅसेटवर टोपीवाला, पिस्तूलवाला माणूस आणि खाली न वाचता येणारं नाव. टोपी आणि पिस्तूल म्हणजे इंग्रजी, असं घरात ठरलं. आणि घरात इंग्रजी येणारा माणूस दादा, कारण त्या विषयात तो दोनदा नापास झाला होता. बाकीचे परीक्षेलाच बसले नव्हते.

तेव्हा दादा टीव्हीच्या शेजारी स्टूल घेऊन बसला आणि भाषांतर करायला लागला. भाषांतर म्हणजे सगळ्यांचे आवाज. काळ्या कोटवाल्या नायकाला जाड, घशातला. एकडोळ्या खलनायकाला किनरा, वसुली करणाऱ्या माणसासारखा. नायिकेला शेजारच्या आत्याबाईंचा, आणि आत्याबाई समोर बसलेल्या असल्या तरीसुद्धा त्यांचाच. शेजारपाजारचे येऊ लागले. खोलीत पाय ठेवायला जागा नसे. वर्षभर सगळं सुरळीत चाललं.

मग एका रविवारी बोटीवर काम करणारा एक खलाशी आपल्या जहाजाच्या फोटोची फ्रेम न्यायला घरी आला. दारात उभा राहून त्याने थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाला, "हे तुर्की बोलतायत. त्यांच्या बंदरात मी महिनाभर अडकलो होतो, मला कळतं." खोलीभर लोकांनी दादाकडे बघितलं. दुसरा कोणी असता तर त्याचं तोंड चिमणीएवढं झालं असतं. दादा म्हणाला, "मग तरीच. मी म्हणतच होतो, आज इतकं सोपं कसं जातंय." आणि खलनायकाला त्याने पुढे बोलायला लावलं. खलाशी फ्रेम काखेत धरून शेवटपर्यंत उभा राहिला. जाताना म्हणाला की खऱ्यापेक्षा हे बरं आहे.

सिनेमे कसले होते म्हणता? टोपी अमेरिकेची, मिशी तुर्कस्तानची आणि वाळवंट म्हणून दगडाची खाण. दारू प्यायच्या अड्ड्याचं दार आपटलं की भिंत हलायची. काळ्या कोटवाल्याच्या मनगटावर घड्याळ. क्षितिजावर विजेचा खांब. पांढऱ्या घोड्याला काजळी फासून दुसऱ्या टोळीसाठी काळा घोडा केलेला, आणि मधेच पाऊस आला की तो लढाईत पक्ष बदलायचा. एक जाडा नट होता, तो एकाच सिनेमात तीनदा मरे: एकदा मिशी लावून, एकदा मिशी काढून, एकदा शाल पांघरून म्हातारी म्हणून. दादा त्याच्या तोंडी घाली, "अरे, आत्ताच तर मेलो होतो, जरा दम खाऊ द्या." लोक पोट धरून हसत.

चक्रीही हसे, पण तो नुसता हसायला बसत नसे. मोठे, गुळगुळीत सिनेमे त्याला सहन होत नसत. त्यात सगळं जागच्या जागी असतं, आपली कोणाला गरज नसते, मग उठून जायला काय हरकत? इथे तसं नव्हतं. इथे भिंत हलायची, खांब दिसायचा, कळेल असा आवाज नव्हताच. बघणाऱ्याने हातभार लावल्याशिवाय सिनेमा पुढे सरकत नव्हता. आणि एवढं सगळं फाटकं असूनही कोणी अंग चोरत नव्हतं. जाडा घोड्यावरून पडायचा तो खरोखर दगडांवर पडायचा, उठताना कंबर धरायचा, आणि लगेच मिशी काढून पुन्हा मरायला तयार. जवळ काही नसताना इतक्या उत्साहाने घोडे दौडवणारी माणसं बघितली की चक्रीच्या अंगातली तगमग थोडा वेळ थांबे. हे त्याने कोणाला सांगितलं नव्हतं. हसतील म्हणून नव्हे, सांगायला बसावं लागलं असतं म्हणून.

वर्षं गेली. शेजारी आपापल्या घरच्या पडद्यांपुढे बसू लागले. कॅसेटींना बुरशी लागली, एकेक करून गेल्या. एक उरली. कॅसेटचं यंत्र चक्रीने फ्रिजचे, पंख्यांचे, मिळतील ते भाग घालून जिवंत ठेवलं. दर रविवारी दोघे भाऊ आणि दारात कपड्यांच्या घड्या घालत वहिनी, एवढेच प्रेक्षक राहिले. पण दादाचा नेम चुकला नाही.

मग दादाचा आवाज बसला. सगळे म्हणाले, दुकानातला लाकडाचा भुसा. दादा गरम पाणी पीत राहिला. आवाज उठायचं नाव घेईना तेव्हा वहिनीने त्याला धरून डॉक्टरकडे नेलं, आणि चक्री बरोबर गेला.

डॉक्टर बोलत असताना चक्री खिडकीपासून दारापर्यंत फेऱ्या मारत होता. गाठ आहे, स्वरयंत्र काढावं लागेल, श्वासासाठी मानेला भोक ठेवतील, जीव वाचेल. आवाज राहणार नाही. पुढे यंत्राने बोलायला शिकता येतं, पण तो आवाज वेगळा असतो. ऑपरेशन पुढच्या गुरुवारी. डॉक्टर म्हणाले, "तुम्ही बसा ना जरा." चक्री म्हणाला, "हो," आणि चालत राहिला.

दादाने एकच विचारलं, "जेवता येईल ना?"

"येईल."

"मग झालं तर," दादा म्हणाला आणि वहिनीकडे बघून हसला. वहिनी हसली नाही.

त्या दिवसापासून चक्रीच्या डोक्यात एकच घोंघावायला लागलं. आवाज धरून ठेवायचा. गुरुवारच्या आत दादाला टीव्हीपुढे बसवायचं आणि सगळ्यांचे आवाज फोनवर उतरवून घ्यायचे: काळा कोटवाला, एकडोळ्या, आत्याबाई, जाड्याची तिन्ही मरणं. आणि मुख्य म्हणजे घोडा. दादा घोड्यालाही बोलायला लावायचा, आणि सगळ्या सिनेमात शहाणं असं घोडाच बोलायचा. इतर सगळ्यांचे आवाज नकला करून काढलेले होते. घोड्याचा आवाज मात्र दादाचा स्वतःचा. तो गेला तर काय उरणार?

त्याने सांगून बघितलं. दादा काचेवर कापायची हिरकणी ओढत होता, वर न बघता म्हणाला, "माझा आवाज तुला डब्यात भरून ठेवायचाय?"

"ठेवला तर बिघडलं काय?"

"डब्यात काय ठेवतात माहीत आहे ना? उरलेलं." आणि काच मोडली, सरळ रेषेत.

मग दादा तो उरलेला आवाज कुठे वापरत होता? चक्रीच्या मते सगळा पाण्यात घालत होता. फ्रेमच्या पट्ट्या पुरवणाऱ्याशी हुज्जत. शेजारच्या दुकानदाराशी पार्किंगवरून भांडण. फोनवर चुलत भावाशी हवापाण्याच्या गप्पा, तासन् तास. वहिनीला म्हणायचा, आज गरम फार आहे नाही? हे काय बोलणं झालं? चक्री फ्रिजच्या मागे डोकं घालून उभा असे आणि त्याला वाटे, इकडे आपण थंडी निसटू नये म्हणून दाराचं रबर बदलतोय आणि तिकडे घरात सगळं निसटून चाललंय.

वहिनीने एकदा त्याला बाजूला घेतलं. "भाऊजी, नका मागे लागू ह्यांच्या. बोलतायत तेवढं बोलू द्या."

"अहो, पण काही राहायला नको का मागे?"

"तुम्हाला राहणाऱ्याची काळजी आहे. त्यांना जाणाऱ्याची भीती वाटतेय," वहिनी म्हणाली. चक्रीने मान हलवली. पण ऐकलं ते कानाने, पायांनी नाही.

रविवार आला. ऑपरेशनआधीचा शेवटचा. चक्रीने कॅसेट लावली, फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं, फोन शर्टाच्या खिशात टाकला आणि काही झालंच नाही असा चेहरा करून बसला. दादा नुसतं बघायचं ठरवून स्टुलावर बसला. पडद्यावर खाणीतून धूळ उठली, घोडे आले, एकडोळ्याने तोंड उघडलं, आणि दादाला राहवलं नाही.

आवाज फाटका झाला होता, पण खलनायकाला तो असा शोभला की वहिनीसुद्धा दारातून आत येऊन बसली. काळा कोटवाला खोकत बोलला. दादाने लगेच त्याला सर्दी झाल्याचं सांगून टाकलं. आत्याबाई तारसप्तकात जाताना फुटल्या, तर नायिकेला घोड्यावरून रडत पळायचंच होतं. जाडा पहिल्यांदा मेला. चक्रीला वाटलं, जमतंय. मग घोडा पडद्यावर आला, मान वळवून उभा राहिला. दादाने स्वतःच्या आवाजात बोलायला तोंड उघडलं आणि नुसता वारा बाहेर आला. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा वारा. सोंगं सगळी निघाली होती, स्वतःचा तेवढा निघेना.

नेमक्या त्या शांततेत चक्रीच्या खिशात फोन वाजला. कुठल्याशा बाईंचा फ्रिज गार होत नव्हता. चक्रीने घाईघाईने फोन काढला, आणि बंद करताना त्याच्या पडद्यावरचे लाल, पुढे पुढे पळणारे आकडे दादाने बघितले.

"बंद कर," दादा कसाबसा म्हणाला.

चक्रीने बंद केला. दादाने टीव्हीही बंद केला, स्टूल भिंतीला लावलं आणि आत गेला. त्यानंतर तो बोललाच नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही, बुधवारी नाही. दुकानात बोटाने मापं दाखवली. जेवताना मानेने नको म्हणाला. जायचंच आहे ना, मग हा बघा गेला, असा हिशेब. हट्टी माणूस रागावला की आपलंच घर पेटवून शेजाऱ्याला धूर दाखवतो, त्यातली गत.

बुधवारी वहिनी स्वयंपाकघरात चक्रीसमोर उभी राहिली. आवाज चढवला नाही तिने. "तुम्हाला त्या घोड्यांचं बोलणं हवं होतं. मला आज गरम आहे, एवढं ऐकलं तरी पुरलं असतं. तीन दिवस होते, भाऊजी. त्यांच्यावर माझाही हक्क होता."

चक्री स्कूटर काढून निघाला आणि ज्यांनी बोलावलंच नव्हतं अशांच्याही दारात जाऊन विचारत राहिला, फ्रिज ठीक आहे ना.

गुरुवारी सकाळी निघायच्या आधी आतल्या खोलीचं दार लावलेलं होतं आणि आतून दादाचा आवाज येत होता. अगदी हळू, खरखरीत. तो वहिनीशी बोलत होता. चक्री बाहेर पिशवी हातात घेऊन उभा होता. शब्द कळत नव्हते, ऐकायचा प्रयत्नही त्याने केला नाही. तिला तरी मिळालं, या विचाराने त्याला बरं वाटलं, आणि आपल्याला मिळालं नाही म्हणून रडूही आलं. दार उघडून दादा बाहेर आला, त्याच्याकडे बघितलं, खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरला. चक्रीच्या वाट्याला "बंद कर" एवढंच राहिलं.

ऑपरेशन चांगलं झालं. दादा आत असताना चक्रीने इस्पितळाच्या व्हरांड्यात इतक्या फेऱ्या मारल्या की फरशी पुसणारी बाई म्हणाली, "तुम्हीच घ्या हा पोचा, निदान काम तरी होईल." त्याने खरंच घेतला.

ते रेकॉर्डिंग त्याने काही दिवसांनी ऐकलं. एका गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावून, फोन कानाला दाबून. आधी शर्टाची खसखस. मग एक आवाज, अगदी जवळून, स्पष्ट: काळ्या कोटवाल्याचं वाक्य. पण तो दादा नव्हता. तो चक्री होता. दादा बोलायच्या क्षणभर आधी तो स्वतः पुटपुटत होता, प्रत्येक वाक्य, प्रत्येकाचं. दादाचा आवाज मागून, विहिरीच्या तळातून आल्यासारखा, कळेल न कळेल असा. इतकी वर्षं आपण हे करत होतो याचा त्याला पत्ताच नव्हता. ज्यापायी दादाला मुका केला त्यात दादा नव्हताच, होता तो हा हलकट चक्री. त्याने ते पुसून टाकलं.

दादा घरी आला. मानेच्या भोकावर पांढरं फडकं बांधलेलं असे. दुकान पुन्हा उघडलं. लोक त्याच्याशी ओरडून बोलायला लागले, जणू कानच काढलेत. दादा बहिरा नाही हे वहिनीने दहा जणांना समजावलं, अकरावा येऊन पुन्हा ओरडे. लिहून दाखवायला पाटी दिली तर त्याचं अक्षर त्याचं त्यालाच लागेना. डॉक्टरांनी यंत्राचं सांगितलं, त्याने मान फिरवली. लोक आजोबांचे फोटो आणत, माप सांगत, निघून जात. त्या आजोबांना आता कोणी काही सांगत नव्हतं. दादा स्टुलावर बसून भिंतीकडे बघे.

चक्री घरात थांबेनासा झाला. रविवारीसुद्धा कामं घेऊ लागला. दादाच्या समोर आला की काय बोलावं कळत नसे; एरवी कधी बोलावं लागलंच नव्हतं, दादा बोलायचा. माफी मागावी, तर पुढून उत्तर येणार नाही. उत्तर न देऊ शकणाऱ्याची माफी मागायची म्हणजे त्याचा हात पिरगाळून हो म्हणवून घेणं, असं काहीतरी त्याला वाटे.

शेवटी वहिनीच वैतागली. एका रविवारी चक्री चप्पल घालत असताना तिने त्याची पान्यांची पेटी उचलून कपाटावर ठेवली आणि म्हणाली, "हे घर आहे की पोस्टाची रांग? कोणी कोणाशी बोलत नाही. लावा तुमचे ते घोडे."

"वहिनी, नको."

"लावा म्हणते ना."

चक्रीने कॅसेट लावली. दादा खुर्चीत होता, त्याने तोंड भिंतीकडे केलं. खाणीतून धूळ उठली, घोडे आले. पडद्यावरच्या माणसांची तोंडं हलायला लागली आणि खोलीत ते परकं, जलद बोलणं भरून राहिलं. खरं म्हणजे या घरात ते पहिल्यांदाच नीट ऐकू येत होतं. चक्रीला सहन होईना. तो टीव्हीशेजारी उभा राहिला, घसा खाकरला आणि एकडोळ्याचा आवाज काढला.

वाईट काढला. इतका वाईट की वहिनीने घडी घालायचा टॉवेल तोंडावर धरला. चक्रीच्या तोंडून एकडोळ्या फ्रिजचं बिल समजावून सांगितल्यासारखा धमकी देत होता. काळा कोटवाला आला, त्याचं वाक्य चक्रीने अर्धं गिळलं. आणि खुर्चीच्या हातावर फटकन पंजा पडला.

दादाने तोंड फिरवलं होतं. कपाळावर आठ्यांचं जाळं. त्याने ओठ हलवले, सावकाश, एकेक शब्द दाखवत. चक्रीने बघितलं आणि वाक्य पुन्हा म्हटलं. दादाने मान हलवली: आवाज खाली. चक्रीने खाली आणला. अजून खाली. हां.

जाड्याच्या पहिल्या मरणापर्यंत दादा खुर्चीच्या कडेवर आला होता. दुसऱ्या मरणाला तो हसला. खांदे गदगदले आणि मानेच्या फडक्यातून शीळ घातल्यासारखा वारा सुटला. तिघेही दचकले आणि मग तिघेही हसले. चक्री आता पडद्याकडे बघतच नव्हता. सगळे शब्द त्याला पाठ होते, पण दादाच्या ओठांवरून ते उचलले की नेमके बसत. दादाचे ओठ हलत आणि चक्रीचा घसा वाजे, मधे अंतर राहत नव्हतं.

मग तो प्रसंग आला. म्हातारीच्या शालीतला जाडा मरायला टेकलेला, काळा कोटवाला त्याच्याशेजारी गुडघे टेकून बराच वेळ काहीतरी बोलतो. या एका जागी दादाची वाक्यं ठरलेली नसत. दर वेळी मनाला येईल ते, कधी भाज्यांचे भाव, कधी आत्याबाईंच्या तक्रारी. चक्रीला इथलं काहीच पाठ नव्हतं. तो दादासमोर वाकला, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले आणि ओठांकडे बघत राहिला. ओठ हलले. चक्रीने ते काळ्या कोटवाल्याच्या जाड आवाजात जसंच्या तसं म्हटलं.

"मी रागावलो नव्हतो."

अर्धं वाक्य बोलून झाल्यावर त्याला कळलं की हे सिनेमातलं नाही. पण ओठ थांबले नव्हते, आणि आवाज देणाऱ्याला मधे थांबता येत नाही.

"त्या रविवारी. तुझ्यावर नाही रागावलो. घाबरलो होतो. पुढे एक शब्द जरी बोललो असतो तरी रडलो असतो. आणि तुझ्या त्या डबड्यात मग तेच राहिलं असतं."

वहिनीचे हात टॉवेलवर थांबले. चक्रीचा जाड आवाज कुठल्या कुठे गेला होता, स्वतःचाही धड निघत नव्हता. पडद्यावर काळा कोटवाला अजून बोलत होता, तुर्कीत, कोणी लक्ष देत नव्हतं.

"दादा, माझं चुकलं," चक्री म्हणाला. "मी तेव्हा..."

दादाने हात वर करून त्याला थांबवलं. त्याचे ओठ पुन्हा हलले, नेहमीच्या, गिऱ्हाइकाला दटावणाऱ्या घाईने. चक्रीने डोळे पुसले, नीट बघितलं, आणि दादाचं म्हणणं दादाच्या वतीने स्वतःलाच सुनावलं.

"मधे बोलू नकोस. माझं संपलेलं नाही अजून."